घरच्या ब्रॉडबँडसाठी फास्ट वायफाय मोडेम-राऊटर कोणता घ्यावा? (जांभ्याचं घर, वर रेंज नाही)

माडाखाली

नमस्कार मंडळी,

आमचं घर रत्नागिरीपासून थोडं आत, जुनं, जांभ्याच्या भिंतींचं, दुमजली. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. गावातल्या केबलवाल्याचं फायबर कनेक्शन आहे, प्लॅन २०० एमबीपीएसचा. त्याने ओटीवर एक छोटा पांढरा डबा ठोकलाय आणि त्याला आमचा जुना राऊटर जोडलाय, दोन अँटेनांचा, त्याच्यावर ३०० एमबीपीएस लिहिलंय. आता गंमत बघा, राऊटर ३०० चा, प्लॅन २०० चा, आणि ओटीवर राऊटरच्या पुढ्यात बसून ४०-४५, माजघरात २० आणि वर लेकीच्या खोलीत कधी ६ कधी ८, दार लावलं की तेही नाही. ती पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते, मीटिंग असली की लॅपटॉप घेऊन जिन्यात येऊन बसते. खाली सासरेबुवा टीव्हीवर यूट्यूब लावून नमनाचे खेळ बघत असतात, त्यांचं गोल गोल फिरायला लागलं की ते वर बघून हाक मारतात, जणू तिनेच बंद केलं.

यंदा, २०२५ ला, गणपती ऑगस्टअखेर, तेव्हा मुंबईची सगळी मंडळी येणार, म्हणजे फोनच फोन. त्याआधी चांगला फास्ट मोडेम-राऊटर घ्यायचाय. चार-पाच हजारांपर्यंत तयारी आहे. शहरातला दुकानदार म्हणतो सहा अँटेनावाला घ्या वहिनी, भिंती फोडून जातो. खरं का हे? एसी १२००, एएक्स १५००, एएक्स ३००० असं काय काय लिहिलेलं असतं, मी तर गोंधळलेय. कोणता घेऊ?

चहाबाज

सहा अँटेनांनी भिंती फुटत असत्या तर पीडब्ल्यूडीने जेसीबी विकून राऊटर घेतले असते.

(माहितीपूर्ण प्रतिसाद खाली येतीलच, मी जागा धरून बसलोय.)

नेटनाना

ताई, खरेदीच्या आधी दोन गोष्टी सांगा. एक, तो पांढरा डबा म्हणजे ओएनयू, फायबरचा मोडेम, त्याला वायफाय आहे की नुसतं एक पोर्ट? आणि दुसरं, लॅपटॉप वायरने जोडून स्पीड किती येतो?

तोवर त्या ३०० चं सांगतो. तो आकडा २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या दोन बँडपैकी हळू पण लांब जाणारा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, वेगवान पण भिंतीत अडकणारा) ४० मेगाहर्ट्झचं रुंद चॅनेल मिळालं, शेजारीपाजारी कोणी नसलं, तर हवेतला कागदोपत्री वेग. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी खूप, आणि एरवी तो २० मेगाहर्ट्झवरच चालतो, म्हणजे कागदावरच १४४ उरले. त्यात अशा राऊटरचे मागचे पोर्ट बहुतेक वेळा १०/१०० चे, म्हणजे फार तर १०० एमबीपीएसचे असतात. म्हणजे डब्यातून राऊटरमध्ये शिरतानाच तुमच्या २०० चे ९५ झाले, पुढे हवेत काय उरणार.

एसी १२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, बेरीज करून मारलेला गोल आकडा. एका फोनला एका वेळी एकच बँड मिळतो, १२०० कधीच कुणाला मिळत नाहीत. आणि सगळ्यात मोठी मेख अशी की एसी १२०० लिहिलेल्या स्वस्त राऊटरांतही कित्येकांचे पोर्ट १०/१०० चेच असतात. उदाहरणार्थ टीपी-लिंकचा आर्चर सी५० घ्या, एसी १२०० आहे पण पोर्ट १०० चे, आणि थोडे जास्त पैसे मोजून सी६ घेतला की गिगाबिट, म्हणजे १००० चे. दुकानात दोघं शेजारी शेजारी ठेवलेले असतात. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात '१०/१००/१०००' आहे का तेवढं वाचा, पुढच्या बाजूचं रॉकेट बघू नका.

गॅजेटगुरू

२०२५ मध्ये एसी राऊटर घ्यायला सांगताय? कमाल आहे. वायफाय ७ घ्या सरळ, फ्यूचर प्रूफ. थोडं बजेट वाढवा, पुढची सात-आठ वर्षं बघायला नको.

नेटनाना

@गॅजेटगुरू, वायफाय ७ ची खरी मजा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. आपल्याकडे तो पट्टा घरगुती वायफायला बराच काळ बंदच होता, खुला करायचा मसुदा सरकारने मे २०२५ मध्ये काढला, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ. म्हणून इथे विकले जाणारे कितीतरी वायफाय ७ राऊटर २.४ आणि ५ एवढेच बँड देतात. ६ गिगाहर्ट्झ मिळाला तरी तो जांभ्यातून ५ पेक्षाही कमी जाईल. आणि ताईंकडच्या एकाही फोनला वायफाय ७ नसेल तर ते सगळं कपाटातलं पैठणीसारखं, फक्त असल्याचं समाधान.

चहाबाज

कपाटातली पैठणी, नाना. पैठणी स्त्रीलिंगी. राऊटर पुल्लिंगी. बाकी मुद्दा मान्य.

घोडबंदर_रोडकर

आम्ही मेश, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारी डब्यांची जोडी, घेतलं आणि सुखी झालो. ठाण्यात आमच्या टॉवरमध्ये २.४ म्हणजे नुसता मासळीबाजार, ॲनालायझर ॲप उघडलं की नेटवर्कांची यादी संपतच नाही, आणि निम्म्या लोकांनी चॅनेल भलतेच लावलेले. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल १, ६ आणि ११ एवढीच, पण कुणी ३ वर कुणी ९ वर. त्यामुळे मी सगळं ५ वर नेलं आणि मेशचे दोन डबे, एक हॉलमध्ये एक बेडरूममध्ये. दोनाची जोडी तुमच्या बजेटच्या थोडी वर जाईल पण एकदाच काय ती कटकट. ॲपवरून सगळं होतं, बायकोने सेट केलं, मी फक्त सॉकेट दाखवला.

शंकेखोर

मला एक कळत नाही, २०० एमबीपीएस हवेत कुणाला? ४के व्हिडिओला पंचवीस म्हणजे डोक्यावरून पाणी, व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, एवढं ओढून करणार काय? सरकारच्या व्याख्येत तर २ एमबीपीएस असले की ब्रॉडबँड, तीही २०२३ साली वाढवून, त्याआधी ५१२ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे. प्लॅन ५० चा करा, वाचलेल्या पैशात राऊटर येईल. वर पोचत नाही हा प्रश्न वेगळा आणि स्पीडचा प्रश्न वेगळा, इथे दोन्हीची खिचडी चाललीय.

अप्पा_सांगलीकर

शंकेखोरांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. पहिला नाही.

धागा वाचून जुने दिवस आठवले. बीएसएनएलचं डेटावन आलं २००५ ला, फोनच्या वायरीवर, आणि तेव्हा मोडेम म्हणजे खरंच मोडेम. त्याच्या सेटिंगात व्हीपीआय ० व्हीसीआय ३५ हे आम्हाला बारा ज्योतिर्लिंगांसारखं पाठ. 'होम ५००' प्लॅन घेतलेला, रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट, म्हणून आख्ख्या कॉलनीत गजर दोनचे लागायचे. आमची ही म्हणायची, एवढ्या पहाटे उठून अभ्यास केला असतात तर कलेक्टर झाला असतात.

आता मुद्द्याचं. माडाखाली ताई, दुकानात 'मोडेम-राऊटर' मागाल तर तो अजून माळ्यावरून एडीएसएलवाला काढून देईल, ज्याच्या मागे फोनची बारीक पिन जाते. तो फायबरला घेऊ नका, त्यातला मोडेमचा भाग तुम्हाला शून्य उपयोगाचा. तुमचा मोडेम म्हणजे केबलवाल्याचा तो पांढरा डबा, तो आहेच. तुम्हाला नुसता राऊटर हवाय, मागे 'वॅन' (बाहेरचं नेट आत घ्यायचं) लिहिलेलं इथरनेटचं पोर्ट असलेला.

राईनकाठ

आम्ही जर्मनीत आहोत, इकडे १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेच कंपनीला सांगता येतं की तुझा डबा नको, मी माझा लावणार, त्यामुळे बहुतेक घरी फ्रिट्झबॉक्स, त्यात मोडेम, राऊटर, कॉर्डलेस फोनचा बेस सगळं एकात. गेल्या वर्षी डोंबिवलीला आईकडे आले तेव्हा वाटलं आपला जुना फ्रिट्झबॉक्स तिला देऊया, आणला बॅगेत घालून. पण तो डीएसएलचा, म्हणजे फोनच्या वायरीचा, आईकडे फायबर. शेवटी एक लॅन पोर्ट वॅन म्हणून सेट करून मोडेमचं काम त्याला दिलंच नाही, नुसता राऊटर म्हणून चालवला, आणि मस्त चालतोय. परदेशातून जुने राऊटर आणणाऱ्यांनी एवढंच बघा की मागे कसलं पोर्ट आहे, आणि ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना.

न्यूजर्सीकर

इकडे केबल टीव्हीच्या जाड वायरीवर नेट. डॉक्सिस ३.१ चं मोडेम स्वतः विकत घेतलं, राऊटर वेगळा घेतला, दर महिन्याचं भाडं वाचलं. मोडेम आणि राऊटर वेगवेगळे असलेले बरे, एक बदलायचा तर दुसरा टाकावा लागत नाही. ताईंना याचा काही उपयोग नाही, पण बोलावंसं वाटलं.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्यात मे महिन्यात राऊटरच तापून बंद पडते भाऊ, स्पीड काय घेऊन बसले. टीव्हीच्या मागं, सेट टॉप बॉक्सवर, वरून विणलेला रुमाल झाकलेला. रुमाल काढला अन् अर्धा प्रॉब्लेम गेला. रुमाल काढू देत नव्हती आई, हे वेगळं.

माडाखाली

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

नाना, भाचा आलाय सुट्टीला, त्याला बसवलं. पांढऱ्या डब्याला वायफाय नाही, एकच पोर्ट आहे. राऊटरला लॅपटॉप वायरने जोडून ९४ आले, म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच. मग त्याने ती डब्यापासूनची वायर राऊटरमधून काढून सरळ लॅपटॉपला लावली, यूजरनेम पासवर्ड टाकून. तरी ९४ च! तीनदा बघितलं. आता तर राऊटर मध्ये नाहीच ना? लॅपटॉप नवाच आहे. केबलवाल्याला फोन केला तर म्हणतो आमच्याकडून २०० सुटतंय, तुमच्या घरात काय होतं ते आम्ही काय सांगू.

आणि आमच्या ह्यांनी हा धागा वाचून राऊटरवरचा रुमाल काढला. होता आमच्याकडेही.

तारकरी

वाचत होतो, आता लिहावंच लागेल. मी सिंधुदुर्गात हेच काम करतो, फायबर ओढणं, जोडणं, ओएनयू बसवणं. वहिनी, दोन ठिकाणी बघा.

डब्यावर पोर्टच्या बाजूला 'जीई' लिहिलंय की 'एफई'? जीई असेल तर गिगाबिट, एफई असेल तर तिथंच १०० ला गाडी अडली, डबा बदलून मागा.

जीई असेल तर डब्यातून निघालेल्या वायरीचं टोक हातात घ्या. प्लॅस्टिकची पिन पारदर्शक असते, उजेडात धरा आणि आत रंग मोजा. नारिंगी, हिरवी, निळी, चॉकलेटी आणि त्यांचे पांढरे पट्टे, असे आठ हवेत. आमच्या धंद्यात कित्येक पोरं घाईत चारच मारतात, नारिंगी आणि हिरवी जोडी, १, २, ३ आणि ६ नंबरला. १०० पर्यंत नेट चालतं, गिऱ्हाईक खूश, आणि कधीकधी उरलेल्या चार तारांवर कॅमेरा चालवतात. गिगाबिटला आठही लागतात. आठ असल्या तरी एखादी आत तुटली असली की दोन्ही बाजू आपोआप १०० वर उतरतात आणि स्पीडटेस्टला हमखास ९४-९५ येतात. ९४ दिसले की राऊटरला नंतर शिव्या द्या, आधी पिन बघा.

माडाखाली

जीई लिहिलंय. आणि चारच रंग आहेत!! नारिंगी आणि हिरवे. निळ्या आणि चॉकलेटी तारा पिनेच्या बाहेर नखाएवढ्या कापून मागे दुमडून टाकल्यात, वरून काळी टेप.

भाच्याने त्याच्या बॅगेतली तयार कॅट सिक्सची वायर लावली. १९८. माझा विश्वास बसत नाहीये.

चहाबाज

'आमच्याकडून २०० सुटतंय'. खरं बोलला की बिचारा. सुटतच होते.

शंकेखोर

आणि हे कळायला राऊटर लागला का? नाही. मी म्हणत होतो.

अप्पा_सांगलीकर

@शंकेखोर, तुम्ही प्लॅन ५० चा करा म्हणत होतात.

घोडबंदर_रोडकर

ठीक आहे, वायर सुधारली. पण वर पोचायचा प्रश्न तसाच. परत सांगतो, मेश.

नेटनाना

मेशला माझा विरोध नाही, पण मेशचे डबे आपसात हवेतून बोलतात. तुमच्या टॉवरमध्ये मधे चार इंचाची विटेची भिंत, इथे फूटभर जांभा. वरच्या डब्याला खालच्याकडूनच धड सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? शिवाय दोन बँडच्या स्वस्त मेशमध्ये एकाच रेडिओवर डब्याशीही बोलायचं आणि फोनशीही, म्हणजे वेग जवळपास अर्धा. रिपीटरचं तर त्याहून वाईट. मेश घ्यायचंच तर दोन डब्यांमध्ये वायर हवी. आणि वायर ओढणारच असाल तर मेश कशाला, तुमचा जुना राऊटरच दुसऱ्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय देणारा डबा, म्हणून लावा, फुकटात काम.

अनघा_के

मी पण हेच सुचवणार होते. जुन्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट करायला त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी (फोनांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं, त्याचा आयपी बदलून १९२.१६८.०.२ असा काहीतरी ठेवायचा म्हणजे मुख्य राऊटरशी भांडण नाही, वायफायचं नाव-पासवर्ड तेच ठेवायचं आणि येणारी वायर त्याच्या वॅनमध्ये नाही, लॅनमध्ये घालायची. वॅनमध्ये घातली की चालेल पण डबल नॅट, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्कं होतील, मग टीव्हीला फोन दिसत नाही, प्रिंटर सापडत नाही, असले छळ.

पण माझा प्रश्न वेगळा. मुलगी वर काम करते, मग चांगला राऊटर वर असायला हवा ना? सगळे ओटीवर नवीन आणि वर जुना असं का धरून चाललेत? टीव्हीवर नमन बघायला जुना २.४ वाला भरपूर झाला.

नेटनाना

मुद्दा पटला. फक्त एक अडचण, ओएनयू खाली आहे. तिथून वायर वर नवीन राऊटरला, आणि तिथून दुसरी वायर परत खाली जुन्याला, अशा दोन वायरी होतात. जुना खाली मुख्य ठेवून पुढे नवीन जोडला तर जुन्याच्या १०० च्या पोर्टमधून वरही ९५ च येणार.

तारकरी

दोन वायरी कशाला? डबाच हलवा की. फायबर खांबावरून येतं, ते ओटीवरच उतरलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? आम्ही पहिल्या दिवशी गिऱ्हाईकाला विचारतो डबा कुठे, तर उत्तर ठरलेलं, टीव्हीजवळ. मग घराच्या एका कोपऱ्यात बसतं आणि पुढची दहा वर्षं सगळे आत रेंज नाही म्हणून ओरडतात.

वहिनींचा जिना घराच्या मधोमध दिसतोय, पोरगी तिथंच येऊन बसते म्हणजे वरखाली दोन्हीकडून मोकळा आहे. डबा आणि नवा राऊटर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, उंचावर. तिथून खाली ओटीवर एकच वायर, जुन्या राऊटरला. झालं. केबलवाल्याला थोडे पैसे द्या, तो फायबर वाढवून देईल. मात्र त्याला सांगा की नवीन सलग तुकडा ओढ, मधे जोड देत बसू नकोस, आणि काम झाल्यावर मीटर लावून पॉवर दाखव. उणे १८ ते उणे २३-२४ डीबीएमच्या (प्रकाशाच्या जोराचं माप) आत असलं की निर्धास्त, उणे २७ च्या पलीकडे गेलं की पावसाळ्यात लाल दिवा लागलाच म्हणून समजा. आणि फायबर कोपऱ्यात काटकोनात दाबून खिळे मारायचे नाहीत, आत काच असते, गोलाईने वळवायचं.

हे सगळं करायच्या आधी एक करा. राऊटर आणा, एक लांब तयार वायर आणा, डबा आहे तिथेच राहू दे आणि नुसता राऊटर जिन्यात स्टुलावर ठेवून बघा. पटलं तर पुढचं. जांभ्यात भोक पाडून झाल्यावर विचार बदलला तर ते भोक बुजत नाही, मुंग्या राहायला येतात.

मुंबैचा_पावसाळा

पण वायफाय ६ (एएक्स) घ्यावा की ५ (एसी)? ते राहिलंच. बजेट पाच हजार आहे म्हणाल्यात.

नेटनाना

गिगाबिट पोर्टवाला एसी १२०० घेतला तरी २०० च्या प्लॅनला पुरेल. एएक्स १५०० किंवा १८०० थोडे जास्त पैसे टाकून मिळत असेल तर तो घ्या, कारण वायफाय ६ चा फायदा एका फोनच्या टॉप स्पीडपेक्षा खूप फोन एकत्र असताना जास्त दिसतो, आणि गणपतीत तेच होणार आहे. एएक्स ३००० मधला जास्तीचा आकडा १६० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमुळे येतो, ते वापरणारे फोन मोजकेच, शिवाय ते चॅनेल रडारच्या पट्ट्यात शिरतं, रडारची चाहूल लागली की राऊटरला नियमाने चॅनेल सोडावं लागतं. तुम्हाला नको. ५ गिगाहर्ट्झचं चॅनेल ३६ ते ४८ मधलं किंवा १४९ च्या पुढचं हाताने लावून टाका. आणि अँटेना मोजू नका, बहुतेक फोनमध्ये दोनच असतात, राऊटरला आठ असल्या तरी फोन दोनाच्याच हिशोबाने बोलतो.

घोडबंदर_रोडकर

हे मान्य. आणि एक ॲडिशन, दोन्ही बँडला एकच नाव देण्याची सोय असते तिचं स्मार्ट प्लग आणि स्वस्त कॅमेऱ्यांशी पटत नाही, ते २.४ वालेच असतात. सेटअपपुरतं नाव वेगळं करा.

शंकेखोर

मुलीची मीटिंग अडकते ते स्पीडमुळेच कशावरून? आमच्याकडे मुलाचा फोन रोज संध्याकाळी सगळे फोटो ढगात चढवायचा, अपलोड पूर्ण भरायचा आणि माझा कॉल तुटक तुटक. राऊटरच्या क्यूओएसमध्ये माझ्या लॅपटॉपला प्राधान्य दिलं, बंद झालं. राऊटर घेताना ती सोय आहे का बघा. आणि गणपतीत चाळीस मोदकांचे फोटो सगळे एकाच वेळी पाठवणार, तेव्हा आठवण काढा माझी.

चहाबाज

शंकेखोरांनी चक्क उपयोगी प्रतिसाद दिला. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

वऱ्हाडी_ठेचा

लाईट गेल्यावर काय करता कोकणात? आमच्याकडं इन्व्हर्टर आहे तरी बदलाबदलीत राऊटर एकदा झोप घेते अन् मग उठायला तीन मिनिटं.

अनघा_के

त्यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा. घेताना डबा आणि राऊटर दोघांच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा. ओएनयू बहुतेक १२ व्होल्ट १ अँपिअर, पण काही राऊटर ९ व्होल्टचे असतात, त्याला १२ घातले तर आरती ओवाळा. दोन आउटपुटवाला घेतला तर दोन्ही एकावरच चालतात. ॲडॉप्टरची पिनही जाड-बारीक असते, दुकानात जुना ॲडॉप्टर घेऊनच जा.

माडाखाली

अपडेट देते. दुकानात सहा अँटेनावाला त्याने परत पुढे केला, मी खोकं उलटं करून मागे वाचलं, १०/१००. ठेवला बाजूला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. एएक्स त्याच्याकडे नव्हता, मागवायला आठवडा लागेल म्हणाला, म्हणून सी६ घेतला, गिगाबिट लिहिलेला बघून. भाच्याने जुन्या राऊटरमधलं यूजरनेम-पासवर्ड टाकलं तरी नेट लागेना, मग कळलं की केबलवाल्याकडे जुन्याचा मॅक, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, बांधलेला असतो. फोन केला, त्याने तिकडून सोडवला.

लांब वायरीने राऊटर जिन्यात स्टुलावर ठेवलाय. वर लेकीच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर १४० च्या आसपास, दार लावून ८०-९०. माजघरात ६०-७०. स्वयंपाकघरात २.४ वर पकडतो, ३०, मला रेसिपी बघायला खूप झाले. ओटीवर मात्र मधे दोन भिंती आणि गोदरेजचं कपाट, तिथे धड काही नाही. म्हणजे तारकरी म्हणाले तसं डबा जिन्यात आणि एक वायर ओटीवर जुन्या राऊटरला. केबलवाला रविवारी येतो म्हणालाय.

आता प्रश्न त्या वायरीचा. ह्यांचं म्हणणं बाहेरच्या भिंतीवरून न्यायची, घरात पट्ट्या दिसायला नकोत. सासरेबुवा म्हणतात बाहेरून नको, वीज पडते.

अप्पा_सांगलीकर

सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा. फोनच्या वायरीच्या काळात वळवाच्या पावसात कितीतरी मोडेम काळे होऊन गेलेले बघितलेत, वीज तिकडे कुठे तरी पडायची आणि तारेतून इकडे यायची. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. पण तुम्ही बाहेरून तांब्याची वायर नेलीत की परत तेच.

नेटनाना

सहमत, आतूनच. पांढरी केसिंग पट्टी जिन्याच्या कडेने आणि मग छतालगत नेली तर आठ दिवसांनी कुणाच्या लक्षातही येत नाही. विजेच्या वायरींच्याच पाईपातून नेऊ नका मात्र.

मुंबैचा_पावसाळा

पट्टी दिसते हो. गणपतीत सगळे नातेवाईक येणार, वहिनी बरोबर बोलतायत.

माडाखाली

मी नाही, हे. मला पट्टी चालते.

तारकरी

आतूनच न्या. वायर घेताना पूर्ण तांब्याची कॅट सिक्स मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात देतात, तिची पिन दोन वर्षांत ढिली होते. दुकानात टोक सोलून ब्लेडने खरवडायचं, आतून पांढरी निघाली तर परत द्यायची. पिना मारायला लावा, आठही, आणि रविवारी केबलवाला जायच्या आधी लॅपटॉप लावून बघा, नंतर फोन उचलत नाही कोणी, आम्ही पण नाही उचलत.

भिंतीत भोक लागणारच, जिन्यातून ओटीकडे. आतली भिंत आहे तर सरळ पाडलं तरी चालेल. पण फायबर बाहेरून आत येतं तिथलं भोक आतून बाहेर थोडं उतरतं पाडायला सांगा, आणि शिरायच्या आधी वायरीला बाहेर खाली एक झोळ ठेवायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून खाली गळतं, वायरीवरून घरात येत नाही. वर सिलिकॉन भरा. सिमेंट भरू देऊ नका, पुढच्या वेळी वायर बदलायची तर फोडावं लागतं. जांभ्याला ड्रिल हॅमरवर टाकायची गरज नाही, साध्या मॅसनरी बिटने लोण्यासारखं जातं, हॅमर लावलात तर पलीकडून थाळीएवढा टवका उडतो.

माडाखाली

बरं झालं सांगितलंत, हे कालच शेजाऱ्यांकडून हॅमर ड्रिल घेऊन आलेत. परत पाठवते.